ज्या सालात जायचं, त्या सालचं पाणी

वाशीम जिल्ह्यात निघालोय म्हटल्यावर शेजारचे काका आवाज खाली आणून म्हणाले, "अरेरे, कोण गेलं?" नाशिकच्या माणसाचं वाशीमकडे काम निघालं तर ते लग्नाचं किंवा मयताचंच असणार, अशी त्यांची समजूत. मी म्हटलं, "कोणी गेलं नाही. मी भांडायला चाललोय." त्यावर त्यांचा चेहरा खुलला आणि त्यांनी वाटेत खायला शेंगदाण्याचे लाडू आणून दिले.

भांडणाचं कारण असं. तरुणपणी, तंत्रनिकेतनात मशीन ड्रॉइंग शिकवत असताना मी एक एकांकिका लिहिली. एकच लिहिली. तीन शास्त्रज्ञ एका अंतराळयानातून काळात मागे जातात, एवढी तिची गोष्ट. पण गोष्टीला काय, गोष्टी कोणीही लिहितं. माझा जीव होता तो यानात. एकीत एक बसवलेल्या दोन पोलादी चकत्या, उलटसुलट दिशांनी फिरणाऱ्या. मधल्या पोकळीत माणसांची कोठडी. चकत्यांचा वेग वाढला की पोकळीतला काळ ताणला जातो आणि एका ठरावीक वेगाला तो तुटतो. मग डावी दांडी ओढली की भूतकाळ, उजवी ओढली की भविष्यकाळ. आणि हे सगळं अंतराळात, कारण पृथ्वी एका जागी थांबत नाही. शंभर वर्षांपूर्वी ती जिथे होती, तिथे जाऊनच उतरावं लागतं. यानाचा कप्तान हे साडेतीन पानं समजावून सांगतो. आजवर एकाही संस्थेने ती साडेतीन पानं कापली नव्हती. संस्था एकूण चारच झाल्या, पण ते असो.

तर एके दिवशी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली. मेडशी नावाच्या गावातली तालीम. एक म्हातारा गृहस्थ टिनाच्या खोक्याला टेकून सांगत होता, "यान कसं चालते? यान कूलरवानी चालते." मागे लोक हसत होते. नाटक माझं होतं. मला कोणी विचारलं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मेडशी

अकोल्याला उतरून वाशीमची एसटी धरली. पातूर सोडलं की रस्ता डोंगरात शिरतो आणि दोन्ही बाजूंना पानं गाळलेले साग लागतात. बघण्यासारखा रस्ता आहे, पण मी 'लेखी खुलासा' आणि 'कायदेशीर कारवाई' हे शब्द कुठल्या वाक्यात बसवायचे, याच विचारात होतो. कंडक्टरने विचारलं, "मेडशीले कोनाकडं?" मी म्हटलं, एका नाटकाच्या संदर्भात. "मंग कूलरच्या यानाचंच असन. शकूरभाईकडं जा. उतरल्यावर टिन ठोकाचा आवाज येईन, त्या आवाजानं जा." म्हणजे माझ्या नाटकाची ओळख आता 'कूलरचं यान' अशी झाली होती, आणि तीही एसटीत.

फेब्रुवारी संपत आला की या भागात कूलरचा हंगाम तोंडावर येतो. टिन ठोकण्याच्या आवाजाने शकूरभाईच्या दुकानापाशी पोचलो, तर पुढे टिनाचे नवे सांगाडे रांगेने उभे होते. आणि रांगेच्या शेवटी, बाकीच्यांहून तिप्पट उंच, माझं यान. त्याला तीन बाजूंनी वाळ्याच्या ताट्या होत्या, तळाला पाण्याची टाकी होती आणि पायांना चाकं होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"यान हाय," चित्रफितीतला तो साठी ओलांडलेला कारागीर म्हणाला. चष्म्याची एक दांडी त्याने तारेने बांधली होती. "तुमाले कूलर पाह्यजे का?"

"मी या नाटकाचा लेखक आहे."

त्याने हातोडा खाली ठेवला, स्टूल फडक्याने पुसलं आणि शेजारच्या बोळाकडे तोंड करून हाक मारली, "ओ विजयाताई! नाटक लिवनारे सर आले!" भांडायला आलेल्या माणसाचं इतक्या आनंदाने स्वागत होऊ नये. रागाची पंचाईत होते.

विजयाताई आल्या त्या केसांवर तुरीचा भुसा घेऊन. चार एकर शेती त्या स्वतः बघतात, आणि गावातली नाटकमंडळीही त्याच चालवतात. दिग्दर्शन त्यांचं, कप्तानाची भूमिकाही त्यांचीच. मी पहिलं वाक्य उच्चारायच्या आत त्यांनी घरातून दोन पाकिटं आणून माझ्या हातात दिली. दोन्ही माझ्या नावाची, दोन्ही परत आलेली. एकांकिकेच्या पुस्तकावर छापलेला पत्ता मी केव्हाच सोडला होता. पण राग आलेल्या माणसाला पुरावे आवडत नाहीत.

"पत्र परत आलं म्हणजे परवानगी मिळाली का?"

"नाई ना जी. म्हनूनच तं पत्र लिवलं होतं. शनिवारी वाशीमले स्पर्धा हाय. लेखकाची सही नसन तं स्टेजवर चढू देत नाईत. आमी पहिल्यांदाच नाव दिलं. पहिले आलो तं अमरावतीच्या फेरीले जातो."

दोन महिन्यांच्या तालमी, ते अवाढव्य खोकं आणि अमरावती, सगळं माझ्या एका सहीवर टांगलेलं होतं. हे मला फार आवडलं, हे कबूल करतो.

"माझी साडेतीन पानं कुठे आहेत?"

"कापली," विजयाताई म्हणाल्या. "तीनदा तालीम केली त्याची. तीनबी डाव मागचे लोकं उठून चहाले गेले. मीबी गेली असती, पन मी स्टेजवर होती."

मी सही देणार नाही असं स्पष्ट सांगितलं आणि परतीची बस विचारली. बस सकाळी होती. त्यामुळे जेवायला त्यांच्याच घरी थांबावं लागलं. शत्रूच्या घरी पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पण रोडगे होते. गव्हाच्या कणकेचे हे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, राख झटकून फोडतात आणि वर तूप ओततात. सोबत वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण. आमच्याकडे वरण हा जेवणातला एक पदार्थ असतो, इथे वरणासाठी जेवतात. मी चार रोडगे खाल्ले. निखाऱ्यापाशी बसलो होतो, त्यात माझ्या चपलेचा अंगठा जळला, त्याचाही राग मी त्यांच्याच खात्यावर टाकला.

मेडशी, दुसरा दिवस

सकाळची बस मी चुकवली. शकूरभाईला त्याची चूक शास्त्रशुद्ध रीतीने दाखवून दिल्याशिवाय जायचं नाही, असं रात्री अंथरुणात ठरवलं होतं. आता ते यान कसं चालतं, हे त्याच्याच शब्दांत सांगतो. माझ्या शब्दांत सांगितल्यावर लोक चहाला जातात.

"पाहा सर," तो ताटीवर पाणी मारत म्हणाला. "कूलर काय करते? भाईरची गरम हवा वढते, वल्या ताटीतून आत घेते. धूळ ताटीत अटकते, थंडावा आत येते. यानबी तसंच. भाईरून आजचा दिवस वढते. आजची धूळ ताटीत अटकते. आत येते तो जुना दिवस."

"किती जुना?"

"ते पान्यावर हाय. टाकीत ज्या सालचं पानी, त्या सालात यान."

मी हसलो. वर्गात चुकीचं उत्तर आल्यावर हसायचो, तसं. "आणि जुन्या सालचं पाणी कुठून आणणार?"

"काहून? घराघरात हाय. विजयाताईच्या सासूनं काशीहून आनलेलं गंगाजल हाय, झाळ लावून तोंड बंद केलेल्या लोटीत. आमच्या घरी अब्बानं हजहून आनलेलं जमजम हाय. आमी त्याले हात नाई लावत. पन तो डबा पाह्यला की अब्बा बंबईले जहाजातून उतरून घरी आले तो दिवस समोर येते का नाई?"

"आणि भविष्यात जायचं असेल तर?"

"पुढच्या सालचं पानी अजून पडलंच नाई. टाकीत काय टाकसान? म्हनून आपलं यान पुढं जात नाई."

इथे मला पहिला धक्का बसला. माझ्या यानाला भविष्यकाळाची उजवी दांडी होती. पण भविष्यात गेल्यावर काय दाखवायचं हे मला सुचलं नव्हतं, म्हणून कप्तान ती दांडी कधी ओढतच नाही. इतकी वर्षं ती दांडी तिथे नुसती उभी आहे, आणि का ओढत नाही असं मला कोणी विचारलेलं नाही.

मी माझं ठेवणीतलं अस्त्र काढलं. "अंतराळात हवा नसते, शकूरभाई. तुमचा पंखा ओढणार काय?"

"हवा कुठी वढतो सर? दिवस वढतो. दिवस तं तिकडंबी असनच."

"आणि पृथ्वी? ती एका जागी राहत नाही."

"ते मातर तुमचं बरोबर हाय," तो मोठ्या मनाने म्हणाला आणि यानाला पायाने हलकेच ढकललं. यान दोन हात सरकलं. "म्हनून तं चाकं लावली."

मग त्याने मागची खिडकी दाखवली. ही खिडकी कधी बंद करायची नाही. कूलर लावला आणि खोलीची खिडकी लावून घेतली की काय होतं, हे वऱ्हाडात शेंबडं पोरही सांगतं. खोलीत चिकचिक होते. "तसंच हे. आलेल्या दिवसाले जायले वाट नाई ठिवली, तं आतले लोकं त्याच दिवसात चिकटून बसतात. अशे लोकं असतात आपल्याकडं." तो माझ्याकडे न बघता बोलला, पण मला ते लागलं.

"आणि परत कसं यायचं?"

"आजच्या पान्याची एक कॅन संगं न्याची. ते टाकीत टाकलं की वापस. फक्त ते प्याचं नाई."

"आणि प्यायलं तर?"

उत्तर विजयाताईंनी दिलं. त्या केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. "तेच तं नाटक हाय, सर."

दुपारी बाजारओळीच्या शेडमध्ये तालीम पाहिली. माझ्या एकांकिकेचा शेवट असा: भूतकाळातून निघताना दांडी अडकते आणि एक शास्त्रज्ञ केसातल्या पिनेने ती सोडवतो. त्यांचा शेवट असा: यान एका कोरड्या सालात उतरतं. विहिरी आटलेल्या. रिकामी घागर घेतलेली एक बाई मागच्या खिडकीशी येते, जी खिडकी बंद करता येत नाही, आणि पाणी मागते. कप्तानाजवळ एकच कॅन. बाई जात नाही, काही बोलतही नाही. विजयाताई कॅनचं झाकण फिरवतात आणि तिथेच अंधार होतो. पाणी घागरीत पडलं की टाकीत, कळत नाही.

मी शेडमधून उठून बाहेर आलो. मला भयंकर राग आला होता. मशीन ड्रॉइंगचा मी अधिव्याख्याता, आणि पाणी मला सुचलं नाही! मी पीन लिहिली. एवढ्या वर्षांत मला वाटत होतं की माझं नाटक लोकांना कळलं नाही, आणि आज दिसलं की त्यात कळण्यासारखं मी काही ठेवलंच नव्हतं.

शिरपूर

तिसऱ्या दिवशी शकूरभाईला शिरपूरला यात्रेकरूंच्या एका धर्मशाळेत कूलर पोचवायचा होता. मीही टेम्पोत बसलो. जुनं जैन मंदिर पाहिलं. आतल्या दगडी फरशीचा गारवा तळपायातून वर चढत होता, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच मी अर्धा तास कुणावर चिडलो नाही. धर्मशाळेत नळांना फडकी बांधलेली. तिथल्या व्यवस्थापकांना शकूरभाईने कूलर बसवता बसवता यानाची सगळी रचना सांगितली. त्यांनी गंभीरपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "टाकीत पाणी गाळून घालता ना?"

"आता गाळूनच घालीन," शकूरभाई तितक्याच गंभीरपणे म्हणाला, आणि मेडशीला परतल्यावर त्याने खरोखरच यानाच्या टाकीच्या तोंडाला धोतराचं फडकं बांधलं. माझ्या यानाबद्दल इतका मनापासून प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता.

संध्याकाळी मी सही केली. परवानगीपत्राचा माझा एक छापील नमुना आहे, वर्षानुवर्षं तोच. फायलीतून एक प्रत काढली, संस्थेचं नाव, गाव आणि तारीख भरली आणि खाली ऐटीत सही ठोकली. मला वाटलं होतं, विजयाताईंचे डोळे भरून येतील. त्यांनी कागद प्लास्टिकच्या पिशवीत घातला. मी म्हटलं, "वाचून घ्या." त्या म्हणाल्या, "तुमी लिवलं, त्याले काय वाचाचं?"

वाशीम

सभागृहाच्या दारातून यान सरळ आत जाईना, तिरपं करून न्यावं लागलं. त्यात एक ताटी निखळली आणि ती शकूरभाईने पडदा उघडायच्या क्षणापर्यंत हाताने धरून ठेवली.

प्रयोग सकाळी झाला. यान कूलरवानी चालते म्हटल्यावर सभागृह हसलं. 'पुढच्या सालचं पानी अजून पडलंच नाई' या वाक्याला हसू एकदम थांबलं. आणि ती बाई खिडकीशी उभी असताना, विजयाताईंचा हात झाकणावर असताना, मागून कुणीतरी म्हातारी न राहवून ओरडली, "दे ना वं माय!" नाटक संपल्यावर टाळ्या पडल्या. मी रडलो. माझ्या नाटकाला मी पहिल्यांदाच रडलो.

संध्याकाळी पाचला निकाल. एक परीक्षक माइकपाशी आले आणि म्हणाले की मेडशीचा प्रयोग प्रभावी होता, परंतु तो स्पर्धेबाहेर ठेवावा लागत आहे. मग त्यांनी माझं परवानगीपत्र वर धरलं आणि तिसरी ओळ वाचली: 'मूळ संहितेत एका शब्दाचाही बदल न करता प्रयोग सादर करण्याच्या अटीवर.'

मी खुर्चीवरून उठून ओरडत पुढे गेलो. "लेखक मी आहे! मी इथे उभा आहे! माझी हरकत नाही!"

"सर, ही सही आपलीच ना?"

"माझीच. पण ती छापील ओळ आहे, मी आत्ता खोडतो, पेन द्या."

"निकाल जाहीर झाल्यावर कसं खोडता येईल?" ते गोड हसले. "आम्ही आपल्याच शब्दाचा मान राखला. आणि मी तर म्हणेन, यानाचं शास्त्र सांगणारी ती साडेतीन पानं हाच या एकांकिकेचा कणा आहे. त्या जागी कूलर आणणं हा लेखकावर अन्याय आहे."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या साडेतीन पानांची भर सभागृहात स्तुती केली. त्या माणसाचा गळा धरावा असं मला वाटलं. मी बोललोही बरंच काही, ते इथे छापण्यासारखं नाही. दोन स्वयंसेवकांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं.

परतताना टेम्पोत पुढे ड्रायव्हर, मागे यानाला टेकून आम्ही. मी परीक्षकांना, नियमांना, माइकलासुद्धा शिव्या घालत होतो. शकूरभाई निखळलेली ताटी मांडीवर घेऊन बसला होता. मालेगाव मागे पडल्यावर तो एवढंच म्हणाला, "अमरावतीले दार मोठं हाय म्हनतात. यानाले तिरपं करा लागलं नसतं."

मला ते सोसवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "खरंच असं यान असतं ना, तर परवाच्या संध्याकाळी परत गेलो असतो."

"जाऊन काय करता?" विजयाताई म्हणाल्या. सभागृहापासून त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. "तुमी तीच सही करसान. तवा तरी कुठी वाचलं होतं तुमी?"

शकूरभाई मांडीवरची ताटी तारेने बांधायला लागला. विजयाताई थांबल्या नाहीत.

"तुमी आले ते चिडून आले. आमी ऐकून घेतलं, जेवू घातलं. आज चिडाचा दिवस आमचा हाय, तं आजबी तुमीच चिडून राह्यले. त्या परीक्षकाईले कायले शिव्या देता? त्याईनं तं तुमचाच कागद वाचला. आमी दोन महिने तुमचं एक एक अक्षर वाचलं, सर. तुमाले सोताचा एक कागद वाचाले जमला नाई."

मेडशीला उतरल्यावर यान दुकानापर्यंत ढकलत न्यायला मी हात लावला.

पुन्हा मेडशी

सकाळी पिशवी घेऊन दुकानाशी गेलो. येत्या बाजाराच्या दिवशी गावातच प्रयोग करायचं त्यांचं ठरलं होतं. विजयाताईंनी वहीतलं कोरं पान फाडून एका कूलरच्या टपावर ठेवलं आणि वर पेन. "लिवा," त्या म्हणाल्या. "इथंच."

मी लिहिलं. लिहून झाल्यावर घडी घालायला लागलो, तेव्हा त्यांनी मान हलवली. "मोठ्यानं वाचा."

शकूरभाईचा हातोडा थांबला. समोरचा चहावालाही बघायला लागला. चारचौघांत, माझ्या वर्गातल्या सोळा वर्षांच्या पोरासारखा उभा राहून मी वाचलं: "मेडशीच्या नाटकमंडळींना माझी एकांकिका हवी तिथे, हवी तशी, हवं ते कापून करायला माझी परवानगी आहे. कोणतीही अट नाही. यान शकूरभाईंनी सांगितलं तसंच चालतं. मी लिहिलं होतं तसं ते कधीच चाललेलं नाही."

"शेवटचं पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

त्यांनी कागद माझ्या हातून घेतला. वाटलं, आता पिशवीत ठेवतील. पण त्या उन्हात सरकल्या, पदराने कूलरच्या टपावरची धूळ पुसली, कागद त्यावर पसरला आणि एकेका ओळीखाली बोट फिरवत स्वतः पहिल्यापासून वाचायला लागल्या. रस्त्यावर माझी अकोल्याची बस येऊन थांबली, कंडक्टरने दोनदा घंटी मारली. त्यांचं बोट तेव्हा तिसऱ्या ओळीवर होतं. मी जागचा हललो नाही.